‘संबंध कसे आहेत?’ की ‘संबंध येतो का?’

प्रश्न एका समुपदेशकांचा आहे. क्लायंटच्या लैंगिक अडचणींविषयी बोलताना ‘लैंगिक’ किंवा ‘संभोग’ म्हटलं की समोरचा माणूस मिटतो आणि ‘संबंध’ म्हटलं की उत्तर भलतंच येतं. मग मराठीत विचारायचं कसं? की सरळ इंग्रजी शब्द वापरावेत?

‘संबंध’ हाच शब्द ठेवा. घोटाळा त्या नामात नाही, पुढच्या क्रियापदात आहे. ‘तुमचे संबंध कसे आहेत?’ असं विचारलं तर ‘चांगले आहेत, भांडणं होत नाहीत’ हेच उत्तर येणार, कारण ‘असणे’ लावलं की संबंध म्हणजे नातं. ‘संबंध येतो का?’ म्हटलं की अर्थ शरीराकडे वळतो. तरी पहिल्यांदा एकदा ‘शरीरसंबंध’ असं पूर्ण म्हणावं, म्हणजे पुढे नुसत्या ‘संबंध’ने भागतं. ‘संबंध ठेवणे’ मात्र टाळलेलं बरं. ‘अनैतिक संबंध ठेवले’ अशा बातम्यांमुळे त्याला आरोपाचा वास लागला आहे.

‘येणे’मध्येही एक धोका आहे. ‘संबंध आला’ या वाक्यात करणारं माणूस दिसत नाही. कोणी पुढाकार घेतला, कोणाची तयारी नव्हती, हे सगळं त्यात झाकलं जातं. जबरदस्ती सोसणारी बाईसुद्धा ‘संबंध आला’ एवढंच म्हणेल. म्हणून पुढचा प्रश्न ठरलेला हवा: ‘तेव्हा तुमची इच्छा होती का?’ तोही एकांतात, जोडीदारासमोर नाही.

आता माणूस का मिटतो ते. ‘लैंगिक’ हा ‘लिंग’पासून झालेला, शास्त्रात निर्दोष शब्द आहे, पण रोजच्या कानाला तो ‘लैंगिक छळ’, ‘लैंगिक अत्याचार’ यांतूनच ओळखीचा. अहवालात तो योग्य, तोंडी प्रश्नात जड. ‘संभोग’ म्हणजे मुळात मिळून घेतलेला उपभोग. पण मराठीत ‘भोग’ म्हणजे नशिबी आलेलं दुःखही, आणि बोलण्यात तो शब्द एक तर पुस्तकी वाटतो नाही तर उघडावाघडा. इंग्रजी शब्द क्लायंटने स्वतः वापरला तर जरूर वापरा. आपण होऊन वापरला तर लाज झाकली जाते, पण नेमकं काय होतं आहे तेही झाकलं जातं.

क्लायंटचा शब्द उचलावा हा नियम चांगला आहे, पण त्याला अपवाद आहे: ज्या शब्दातच निकाल दिलेला असतो तो परत उच्चारू नये. ‘स्वप्नदोष’ म्हटलं की दोष ठरलाच. ‘झोपेत वीर्य जातं’ म्हणा. ‘नपुंसक’ ही तर शिवीच. त्याऐवजी ‘ताठरता येत नाही की आलेली टिकत नाही?’ असं विचारलं की अपमान टळतो आणि माहितीही मिळते, कारण या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. इंग्रजीतही ‘इम्पोटन्स’ सोडून ‘इरेक्टाइल डिसफंक्शन’ म्हणावं अशी शिफारस अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या परिषदेने १९९२मध्ये केली.

‘धात जाते’ हे वेगळं प्रकरण. ही धात म्हणजे आयुर्वेदातल्या सात धातूंपैकी शेवटचा, शुक्र, म्हणजे वीर्य. तो गेला की शरीर खंगतं ही भीती त्या शब्दातच आहे. मनोविकारतज्ज्ञ डॉ. विग यांनी १९६०मध्ये ‘धात सिंड्रोम’ हे नाव दिलं ते याच तक्रारीला. इथे शब्द दुरुस्त करायला जाऊ नका. ‘धात गेल्यावर काय होतं असं वाटतं?’ असं विचारा. थकवा, उदासी, लग्नाची भीती, सगळं त्या उत्तरात येतं.

‘लघवीच्या जागी दुखतं’ हेही तिथेच सोडू नये. अनेक स्त्रिया योनीलाही लघवीची जागाच म्हणतात. ‘लघवी करताना, की संबंधाच्या वेळी?’ हे विचारल्याशिवाय जळजळ आणि आत प्रवेश होतानाची वेदना वेगळी काढता येत नाही. शेजारी साधं रेखाचित्र असलं तर बोट ठेवून सांगता येतं.

सुरुवात परवानगीने करावी. लैंगिक अडचणींवर पायरीपायरीने मदत करण्याची ‘प्लिसिट’ ही पद्धत मानसशास्त्रज्ञ जॅक अ‍ॅनन यांनी १९७६मध्ये मांडली, तिची पहिली पायरी तीच. मराठीत ती अशी बसते: ‘झोप, भूक विचारली तसं शरीरसंबंधांबद्दलही मी सगळ्यांनाच विचारते. चालेल ना? नको वाटलं तर आज राहू द्या.’ यातला ‘सगळ्यांनाच’ गाळू नका. तो गेला की ‘माझ्यातच काही दिसलं का?’ ही शंका येते.

आणि ‘नवरा-बायको’ गृहीत धरू नका. ‘जोडीदार’ म्हणा, पण ‘जोडीदार काय म्हणतो?’ म्हटलंत की पुरुष ठरवून टाकलात. आदरार्थी बहुवचन आणि वर्तमानकाळ वापरा: ‘जोडीदार काय म्हणतात?’ भूतकाळात ‘म्हणाले’, ‘म्हणाल्या’ असं लिंग उघड होतं, वर्तमानात होत नाही. जोडीदार पुरुष की स्त्री, हे क्लायंट आपल्या वेळेने सांगेल.