अनोळखी चेहऱ्यांपुढे किती वेळ थांबावे?

प्रश्न : मुलगी बंगळूरला नोकरीला असते. गेल्या महिन्यात तिच्याकडे गेले असता तिने एका कलादालनात व्यक्तिछायाचित्रांचे प्रदर्शन दाखवले. ऐंशीएक छायाचित्रे मी वीस मिनिटांत पाहून संपवली. ती मात्र एकेकापुढे खिळून उभी होती. ज्यांची ओळख ना पाळख, अशांच्या चेहऱ्यात एवढे पाहायचे तरी काय? आणि जुन्या फोटोंत कोणीच हसत कसे नाही?
— एक निवृत्त शिक्षिका, खानापूर

उत्तर : ऐंशी छायाचित्रे वीस मिनिटांत, म्हणजे एकेकाच्या वाट्याला पंधरा सेकंद आले. एवढ्या वेळात हजेरी घेता येते, मुलाची ओळख होत नाही, हे आपल्याला मी सांगायला नको. सगळी छायाचित्रे पाहिलीच पाहिजेत असे मुळीच नाही. एक फेरी भरभर मारावी, त्यात ज्या पाच-सहा चेहऱ्यांनी मागे वळून पाहायला लावले असेल, तेवढ्यांकडेच परत जावे.

जवळ गेल्यावर आधी बुबुळातला पांढरा ठिपका पाहावा. तो चौकोनी असेल तर समोर बहुधा खिडकी किंवा स्टुडिओतील पेटीवजा दिवा असतो, आणि कड्यासारखा गोल, मधोमध पोकळ असेल तर हल्लीचा रिंग लाइट. म्हणजे माणूस कोठे, कशासमोर बसला होता हे त्याचे डोळेच सांगतात. नंतर हात पाहावेत, कारण चेहरा सावरता येतो, पण हातांचे काय करायचे हे पुष्कळांना कळत नाही. आपल्या घरी आजोबांचा स्टुडिओत काढलेला एखादा फोटो असेल तर तो काढून पाहा. मागे रंगवलेला पडदा, शेजारी फुलदाणी, आणि मनगटावरचे घड्याळ दिसावे म्हणून बाही किंचित वर सरकवलेली, असे काही सापडले तर ती बाही त्यांनी स्वतः सरकवली की फोटोग्राफरने, एवढाच प्रश्न मनात धरून पाच मिनिटे सहज जातात.

न हसण्याचे कारण निम्मे तांत्रिक आहे. 1839 मध्ये फ्रान्सच्या दागेरची छायाचित्रणाची पद्धत जाहीर झाली, तेव्हा कॅमेऱ्यातील चांदीचा मुलामा दिलेला तांब्याचा पत्रा कित्येक मिनिटे प्रकाशापुढे उघडा ठेवावा लागे आणि पुढे मान हलू नये म्हणून पाठीमागून लोखंडी आधार लावत. इतका वेळ हसू टिकवणार कोण? पण 1880 नंतर प्रकाशाला संवेदनशील थर आधीच देऊन वाळवलेल्या ‘कोरड्या काचा’ रुळल्या, क्षणार्धात फोटो निघू लागला, तरीही माणसे गंभीरच राहिली. फोटो काढणे हा लग्नमुंजीसारखा प्रसंग होता, आणि तेथे दात दाखवणे शोभत नसे, असे मला वाटते.

कॅमेऱ्यामागे कोण आहे, यानेही चेहरा बदलतो. छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी 1892 मध्ये हैदराबादेत पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ काढला आणि तेथील काम एका स्त्रीकडेच सोपवले. परक्या पुरुषासमोर ज्या बसल्याच नसत्या, त्यांची छायाचित्रे अशी निघू शकली.

छायाचित्राखालची पाटी, कन्नडमध्ये असो वा इंग्रजीत, शेवटी वाचावी. ‘विणकर’ किंवा ‘राणीसाहेब’ हे आधीच वाचले की आपण चेहऱ्यात तेच शोधत बसतो. मुलीकडे पुन्हा जाल तेव्हा तेथील राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयातही जाऊन या. फक्त सोमवार टाळावा, त्या दिवशी ते बंद असते.