लॅपटॉपच्या जुन्या बॅटरीत नवे सेल टाकता येतात का?

तुमचा प्रश्न असा: लॅपटॉप दहा-बारा वर्षांचा, बॅटरी वीस मिनिटांत मान टाकते, कंपनीची नवी मिळत नाही, तर आतले सहा सेल बदलून तोच पॅक वापरता येईल का?

येईल. मी दोनदा केलंय. एकदा जमलं, एकदा पॅक कायमचा गेला, आणि तो सेलमुळे नाही तर आतल्या बोटभर सर्किटमुळे.

अशा पॅकमध्ये बहुतेक वेळा १८६५० मापाचे सेल असतात: १८ मिलीमीटर व्यास, ६५ मिलीमीटर लांबी. दोन-दोनच्या तीन जोड्या, प्रत्येक ३.६-३.७ व्होल्टची, म्हणून वर १०.८ किंवा ११.१ छापलेलं असतं. सर्किटवरची चिप प्रत्येक जोडीवर लक्ष ठेवते, चार्जिंगचा सगळा हिशेब ठेवते, आणि तिला वीजही याच सेलमधून मिळते. पहिल्या पॅकचे सेल मी एकदम कापून काढले. नवे जोडले, मीटरवर ११.४ व्होल्ट, मी खूश. लॅपटॉप म्हणे, बॅटरीच नाही! वीज तुटली की काही चिपा अशा कुलूप लावून बसतात. एखादी जोडी फार खाली गेली तरी तेच होतं.

म्हणून सेल आणायच्या आधी पॅक उघडून प्रत्येक जोडीचं व्होल्टेज मोजा. आधी बॅटरी जवळपास संपवून घ्या. फट प्लास्टिकच्या पट्टीने उचकटा, स्क्रू ड्रायव्हर अजिबात नको. तो सेलमध्ये घुसला तर आग लागते. गोडसर, थिनरसारखा वास आला तर सेल गळलाय, तिथेच थांबा. तिन्ही जोड्या साधारण सारख्या असतील तर पुढे जा. दोन ३.६ वर आणि एक ०.८ वर असेल तर सोडून द्या, चिपने बहुधा आधीच निकाल लावलेला असतो.

दुसऱ्या वेळी जोड्या सारख्या होत्या. नवे सेल जुन्यांच्याच व्होल्टेजवर आणले, प्रत्येक जोडीच्या टोकाशी वायरने जुन्यांना समांतर (अधिकला अधिक, उणेला उणे) जोडले, पॅकच्या उणे टोकापासून सुरुवात करून. मगच जुने कापले. चिपला कळलंही नाही.

सेल सगळे एकाच प्रकारचे, नवे घ्या. ‘९९०० एमएएच’ (एमएएच म्हणजे सेलच्या क्षमतेचं माप) लिहिलेला १८६५० दिसला तर हसून पुढे जा. चांगल्यातला चांगला सेल ३५०० च्या आसपास असतो. मी पुण्यात तापकीर गल्लीतून आणलेला असा एक सेल स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला, ३१ ग्रॅम भरला. खरा ४५ च्या पुढे असतो.

सोल्डरिंग करू नका, उष्णतेने सेलचं आतलं सील जातं. ई-बाइकच्या बॅटऱ्या दुरुस्त करणाऱ्याकडे स्पॉट वेल्डिंगचं, म्हणजे विजेच्या क्षणिक झटक्याने पट्टी सेलला जोडणारं मशीन असतं. मी सेल आणि निकेलची पट्टी घेऊन गेलो, त्याने दहा मिनिटांत करून दिलं. पैसे घेताना एवढंच म्हणाला, “साहेब, नवा लॅपटॉप घ्या ना.”

पहिले काही दिवस टक्केवारी खोटी दिसेल. ६० वरून एकदम बंद पडेल. चिपच्या डोक्यात अजून जुनीच क्षमता असते. एक-दोनदा पूर्ण भरा, पूर्ण उतरवा. पहिलं चार्जिंग मात्र फरशीवर, समोर बसून. माझा सध्या पावणेतीन तास चालतो.

काढलेल्या सेलच्या टोकांना चिकटपट्टी लावून ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या, घंटागाडीत टाकू नका.