हॅवलॉकला सहा महिने राहायचं तर पाण्याचं कसं जमवायचं?

डिसेंबर ते मे अंदमानातल्या हॅवलॉक बेटावर (आता स्वराज द्वीप म्हणायचं) एका डायव्ह सेंटरवर, म्हणजे स्कूबा डायव्हिंग शिकवतात तिथे, काम मिळालंय, खोली भाड्याने घेणार, तिथे पाण्याची बोंब असते म्हणतात ते खरं का आणि लोक कसं भागवतात, असं विचारलंय तुम्ही. मी तिथे काही सीझन काढलेत म्हणून सांगतो, खरं आहे, पण डिसेंबरमध्ये उतराल तेव्हा तुम्हाला ते पटणारच नाही. सगळं हिरवंगार असतं, विहिरी भरलेल्या असतात, घरमालक पण छातीठोकपणे सांगतो की पाण्याचं टेन्शन नाही. फेब्रुवारी संपत आला की मग कळतं.

कोकणातले असाल तर फार समजवायला नको. अंदमानात वर्षाला साधारण 3000 मिमी पाऊस पडतो, म्हणजे जवळपास रत्नागिरीएवढा, आणि रत्नागिरीत मे महिन्यात टँकर फिरतात ना, तीच गत. उतारावरून पाणी सरळ समुद्रात जातं, अडवायला जागा नाही. वर गोची अशी की जानेवारी ते एप्रिल हेच कोरडे महिने आणि टुरिस्टांची गर्दीही तेव्हाच. 2011 च्या जनगणनेत बेटावर सहा हजारांच्या वर माणसं होती, त्यात रोज बोटी भरून येणारे पाहुणे, ज्यांना समुद्रातून बाहेर आलं की प्रत्येक वेळी गोड्या पाण्याचा शॉवर पाहिजेच. पोर्ट ब्लेअरला (आता श्री विजयपुरम म्हणायचं) धनीखारी धरण तरी आहे, आणि ते खाली गेलं की तिथेही नळाला एक दिवसाआड, कधी तीन दिवसांनी पाणी येतं. मग या छोट्या बेटांचं काय बोलायचं.

खोली कुठे घेता यावर अर्धं ठरतं. काम तुमचं बहुतेक तीन नंबर किंवा पाच नंबर बीचच्या पट्ट्यात असणार, आणि वाटतं की तिथेच खोली मिळाली तर बरं. पण किनाऱ्यालगतच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात. जमिनीतलं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, आणि हिशोब असा सांगतात की समुद्रसपाटीच्या वर एक फूट गोडं पाणी असेल तर खाली साधारण 40 फूट असतं, म्हणजे वरची पातळी एक फूट उतरवली की खालून खारं पाणी 40 फूट वर यायला बघतं. म्हणून शेजारच्या रिसॉर्टने मोठा पंप लावून उपसा केला की तुमची विहीर पण बिघडते, तुम्ही कितीही काटकसर करा. माझं मत विचाराल तर आत गावाकडे खोली घ्या आणि स्कूटी वापरा. आणि विहिरीबद्दल मालकाला नका विचारू, शेजारच्या घरातल्या बाईंना विचारा की एप्रिलमध्ये साबणाला फेस येतो का. लोक बंगाली आहेत पण हिंदी सगळ्यांना येतं.

टाकी किती लिटरची, तुमची एकट्याची की चार खोल्यांत मिळून, टँकर मागवला तर पैसे कोण देणार, हे डिपॉझिट द्यायच्या आधी बोलून घ्या. लाईट गेली की पंप बंद, आणि वीज मुख्यतः डिझेलवर चालते, त्यामुळे टाकी अर्धी झाली की भरून ठेवायची. एका माणसाचं दिवसाला 50 लिटरमध्ये नीट भागतं, म्हणजे 500 लिटरची टाकी दहा दिवस, फक्त आंघोळ बादलीने आणि फ्लश टाकीचा विसरायचा, तो एका दाबात सहा ते दहा लिटर खातो. डायव्ह गियर धुतलेलं टबातलं पाणी संध्याकाळी ओतून देतात ते बघून जीव तुटतो, आम्ही तेच बादल्यांनी टॉयलेटला न्यायचो. थोडं खारट असतं पण त्या कामाला काय फरक पडतो.

मार्चमध्ये कधीतरी एखादी सर येते तिची तयारी ठेवा. हजार स्क्वेअर फुटाच्या पत्र्यावर 10 मिमी पाऊस झाला तर 900 लिटरच्या आसपास पाणी होतं, पन्हळ आणि ड्रम असेल तर. पहिली काही मिनिटं वाहू द्या, पत्र्यावरची घाण जाऊ दे. ड्रमवर जाळी किंवा फडकं घट्ट बांधा, डेंग्यूचे डास अशाच साठवलेल्या पाण्यात होतात. आपल्याकडे पेपरात 'मान्सून अंदमानात दाखल' हेडिंग येतं ना 20-22 मेच्या सुमाराला, तोपर्यंत मोठ्या पावसाचा भरवसा धरू नका.

काही जण विचारतात समुद्राचं पाणी गोडं का नाही करत. लक्षद्वीपला कवरत्तीत 2005 पासून तसा प्लांट आहे, खोल समुद्रातलं थंड पाणी वापरून रोज एक लाख लिटर काढायचा. पण असल्या प्लांटला वीज लागते आणि ती बेटावर महाग पडते.

पिण्यासाठी 20 लिटरचे जार लावा, आणि स्वयंपाक करणार असाल तर कुकरलाही तेच पाणी घ्या, कारण विहिरीच्या जड (क्षारांच्या) पाण्यात तूरडाळ कितीही शिट्ट्या केल्या तरी कडकच राहते. मी सरळ मसूर खायला लागलो, ती बेटावर सगळीकडे मिळते.