दुसऱ्या राज्यात गाडी नेताय? आधी एवढं करा

घाबरू नका, काम किचकट नाही, फक्त क्रम चुकवू नका. मोटार वाहन कायदा १९८८ देशभर एकच आहे. पण रोड टॅक्स राज्यागणिक बदलतो, दंडाची रक्कमसुद्धा.

नुसतं फिरायला जाताय? लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी सगळीकडे चालतात. डिजिलॉकर या सरकारी ॲपमधली प्रत ग्राह्य असते, गॅलरीतला फोटो नाही.

मुक्काम १२ महिन्यांहून जास्त असेल तर कलम ४७ नुसार तिथला नंबर घ्यावाच लागतो. मग:

- आधी थकलेली ई-चलानं भरा. बहुतेकांची एनओसी (ना हरकत प्रमाणपत्र) इथेच अडकते.
- मूळ आरटीओकडून फॉर्म २८ वर एनओसी घ्या. त्यावर चॅसी नंबरचा (गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या नंबरचा) पेन्सिल ठसा लागतो: नंबराची जागा पुसून कोरडी करा, पातळ कागद ताणून धरा, पेन्सिल आडवी घासा. प्रत्येक आकडा स्पष्ट उठला पाहिजे. कर्ज असल्यास बँकेची संमती जोडा.
- नव्या राज्यात टॅक्स भरा, नंबर घ्या, मगच जुन्या टॅक्सचा परतावा मागा. नवशिके नेमकं उलटं करतात.

नवा नंबर विमा पॉलिसीवर लगेच चढवा.