पत्र्याखालचं जुनं बी आणि मृगातली परसबाग

प्रश्न (चोपडा तालुक्यातील एक शेतकरी ताई) : पत्र्याच्या घरात फळीवर भरीताच्या वांग्याचं, गिलक्याचं, भेंडीचं, चवळीचं अन् कांद्याचं बी तीन वर्षांपासून डब्यात आहे. मृगात लावू का? घरामागं गुंठाभर जागा आहे, पलीकडं कपाशी. एकत्र काय-काय बसेल?

उत्तर : ताई, कांद्याचं बी आधी बाजूला काढा. ते वर्षभरातच उतरतं, त्याच्यासाठी वाफा अडवू नका. वांगं, गिलकं कोरड्या, थंड जागी चार वर्षंही टिकतं. पण मे महिन्यात पत्र्याखाली काय होतं ते तुम्हाला मी काय सांगू! म्हणून मोजून उगवून पाहा. पाण्यात टाकून पोचट बी तरंगतं हे खरं, पण मेलेलं बीसुद्धा बुडतं.

डब्यात हात घालून येईल तसं 100 बी घ्या, टपोरं वेचू नका. धुतलेलं गोणपाट ओलं करून पिळा, दहा-दहाच्या ओळी मांडा, सैल गुंडाळी करा आणि माठाच्या तिवईखाली ठेवा. एका बैठकीत आम्हीच गुंडाळी खिडकीत ठेवली होती. दुसऱ्या दिवशी गोणपाटाचा पापड! शिवाय चाळिशीपार उन्हात चांगलं वांग्याचं बीही उगवत नाही, आणि दोष बियाला लागतो. चवळी 8 दिवसांत, वांगं-गिलकं 14 दिवसांत मोजा. भेंडीला 21 दिवस द्या, म्हणजे ती आजच घाला.

मूळ आणि कोंब दोन्ही धड असलेलेच मोजा. प्रमाणित बियाण्याला किमान उगवण वांग्यात 70, भेंडीत 65, गिलक्यात 60, चवळीत 75 टक्के लागते. भेंडी 40 आली तर एका जागी तीन बिया टोका. तिशीच्या खाली आली तर नवीन घ्या; असली रोपं उगवली तरी रडतच वाढतात. वांग्याचं बी संकरित झाडाचं असेल तर तसंच फळ मिळेल याचा भरवसा नाही. घरचं देशी असेल तर बिनधास्त.

गिलक्याचा मांडव उत्तरेच्या कडेला घाला, म्हणजे हिवाळ्यात त्याची सावली इतरांवर येत नाही. भरीताच्या वांग्याला अडीच-तीन फूट अंतर लागतंच. मधल्या मोकळ्या जागेत कोथिंबीर टाका, झाड पसरायच्या आत ती काढून होते. गेल्या वर्षी जिथं मिरची-टोमॅटो होते तिथं वांगं नको, एकाच कुळातली आहेत, मर रोग मातीत राहतो. तिथं चवळी लावा.

तुमची खरी अडचण कपाशी. तिच्यावरचे तुडतुडे अन् पांढरी माशी भेंडीवरही येतात, वांग्यावरही. म्हणून कपाशीच्या बाजूनं मक्याच्या दोन दाट ओळी घ्या आणि भेंडी-वांगं शेजारी न लावता मधे चवळी ठेवा.

गुंडाळीतले वांग्याचे कोंब मात्र फेकू नका. मूळ न तोडता मातीच्या पेल्यात लावा, महिन्या-सव्वा महिन्यात लागवडीजोगी रोपं होतील.