रबरमिश्रित डांबराचा रस्ता खरोखर जास्त टिकतो का?

पलूस भागातील आपल्या गावचा रस्ता रबरमिश्रित डांबराने दुरुस्त होऊनही दोन पावसाळ्यांत उखडला, तेव्हा हे डांबर टिकाऊ असते हे कितपत खरे मानावे, असा आपला प्रश्न आहे. सांगली जिल्ह्यातील रस्त्यांच्या कामांवर मी देखरेख करतो. माझ्या मते डांबराचा दावा खरा आहे, मात्र ते कशावर अंथरले यावर सारे अवलंबून असते.

जुन्या टायरचा भुगा सुमारे 170 ते 180 अंश सेल्सिअस तापमानाला डांबरात घोटला, की तो डांबरातील तेलकट अंश शोषून फुगतो. त्यामुळे मिश्रण दाट व लवचिक होते, खडीवर त्याचा लेप जाड बसतो, आणि टायरमधील काजळीमुळे डांबर उन्हापावसाने लवकर ठिसूळ होत नाही. चार्ल्स मॅक्डोनाल्ड या अभियंत्याने 1960च्या दशकात अमेरिकेतील फिनिक्स येथे ही पद्धत विकसित केली. त्याच ॲरिझोना राज्यात फ्लॅगस्टाफजवळ 1990 साली तडे गेलेल्या महामार्गावर असा पातळ थर टाकला, तेव्हा खालचे तडे वर्षानुवर्षे वर फारसे उमटले नाहीत. परंतु तेथे खाली काँक्रीट होते, आणि रबराचे प्रमाणही डांबराच्या सुमारे 20 टक्के होते. आपल्याकडे ते सहसा बरेच कमी असते.

आपल्याकडे नदीकाठी खाली काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि त्यातच गळिताच्या हंगामात दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर साईडपट्टीच्या कडेवरून जातात. उखडलेल्या कारपेटचा, म्हणजे वरच्या डांबरी थराचा, तुकडा उलटून पाहावा. वरून तो काळा, चिवट आणि न भेगाळलेला असेल, पण खालच्या बाजूला चिखल माखलेला किंवा खडी धुऊन उघडी पडलेली असेल, तर दोष डांबराचा नसून तुंबलेल्या गटाराचा आणि न दुरुस्त केलेल्या पायाचा आहे, असे समजावे.

कामातील हयगयही असतेच. टाकीत सतत ढवळले नाही तर भुगा तळाशी बसतो. हा माल साध्या डांबरापेक्षा जास्त गरम असतानाच दाबावा लागतो. ताडपत्री न घातलेल्या टिपरमधून तो लांबून आला, तर रोलर कितीही फिरवला तरी दबाई होत नाही आणि राहिलेल्या पोकळ्यांत पाणी शिरते.

पुढच्या वेळी अंदाजपत्रक होण्यापूर्वी रस्त्याच्या कडेला खड्डा घेऊन खालचे थर तपासण्याचा आग्रह ग्रामपंचायतीने धरावा, आणि भारतीय मानक 17079 नुसार डांबराचा मृदुकरण बिंदू (ज्या तापमानाला ते मऊ पडते) व लवचिकता यांचा चाचणी अहवाल मागावा. पाया आणि गटार आधी सुधारणार असतील, तर रबराचा जादा खर्च माझ्या मते वसूल होतो. जतकडच्या कमी पावसाच्या भागात, जेथे खाली घट्ट मुरूम आहे आणि तडे केवळ वरच्या जुन्या डांबरातले आहेत, तेथे हा थर थेट टाकायलाही माझी हरकत नाही.