ऑडी एस४ (२०१३, सुपरचार्ज्ड) कसारा घाटात ओढत नाही, टाकीतला पंप बदलूनही पी००८७ (पेट्रोलचं प्रेशर कमी) हा एरर कोड परत येतोय. आता काय बघू?

भाऊ, कारण सापडेपर्यंत गाडी पूर्ण दाबून चालवू नका, बाकी सगळं नंतर. सुपरचार्जर बेल्टवर फिरतो, तुम्ही पाय दाबलात आणि आरपीएम वाढला की हवा आत कोंबली जाणारच, तेव्हा पेट्रोल कमी पडलं तर मिक्श्चर लीन होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), नॉकिंग म्हणजे पेट्रोल अवेळी भडकणं सुरू होतं आणि पिस्टनच्या रिंगांमधली भिंत तुटते. मग विषय पंपाचा राहत नाही, इंजिन खोलायचा होतो.

तुम्ही लिहिलंय की नाशिक शहरात गाडी मस्त चालते, कसारा चढताना ४५०० च्या वर हिसके देते, पी००८७ सोबत पी०१७१ आणि पी०१७४ (व्ही६ इंजिनच्या दोन्ही बाजू, म्हणजे दोन्ही बँक, लीन) येतात, गॅरेजमध्ये टाकीतला पंप बदलला, टाकी फुल करून दिली, काही दिवस बरी होती नि परत तेच. आणि गेज लावून दाखवलं की प्रेशर ओके आहे.

मी सातपूरला गाड्यांचं स्कॅनिंग आणि वायरिंगचं काम करतो, हा प्रकार माझ्याकडे बऱ्याचदा येतो. त्या गेजवर विश्वास ठेवू नका, कारण ते आयडलवर लावलं असणार. आयडलला हे इंजिन पेट्रोल पितंच किती? अर्धमेला पंपसुद्धा तेवढं देतो. खरी मागणी लोडवर वरच्या आरपीएमला असते, तपासायचं तिथेच.

तुमच्या गाडीत दोन पंप आहेत हे लक्षात घ्या. टाकीतला इलेक्ट्रिक पंप काही बार प्रेशरने पेट्रोल पुढे पाठवतो, इंजिनवरचा कॅमशाफ्टवर चालणारा पंप तेच शंभर बारच्या आसपास नेऊन रेलमध्ये, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीत, भरतो. पी००८७ एवढंच सांगतो की रेलमध्ये प्रेशर कमी पडलं, कोणत्या पंपामुळे ते सांगत नाही. म्हणून कोड बघून पार्ट बदलणं म्हणजे अंदाजपंचे. व्हीसीडीएस (ऑडी-फोक्सवॅगनसाठीचं स्कॅनिंग सॉफ्टवेअर) किंवा तसलं चांगलं स्कॅनर घ्या (मोबाईलला जोडायचं स्वस्तातलं अ‍ॅडॅप्टर इतकं हळू वाचतं की प्रेशरचा क्षणभराचा खड्डा त्यात दिसतच नाही) आणि लॉगिंगला लावा: रेलचं मागितलेलं प्रेशर, रेलचं प्रत्यक्ष प्रेशर, लो साइडचं (टाकीतल्या पंपाकडचं) प्रेशर, लॅम्ब्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण), आरपीएम. स्कॅनरवर लो साइड दिसत नसेल तर गेज लाइनमध्ये टी लावून जोडायचं, पण तेही लोडवर. पहाटे रिकाम्या चढावर, मॅन्युअल मोडमध्ये दुसऱ्या गिअरला, शेजारी लॅपटॉप धरायला माणूस, आणि हिसका आला त्या क्षणी पाय सोडायचा. घाटात ट्रकांच्या मध्ये हा उद्योग नको.

लो साइड आधी पडली आणि रेल तिच्या मागून पडली तर दोष मागे आहे, टाकी, फिल्टर, पंप किंवा पंपाची वायरिंग. लो साइड ठाम उभी आहे आणि रेल एकटी पडतेय तर हाय प्रेशर पंप किंवा त्याच्यावरचा कंट्रोल व्हॉल्व्ह. अशा वेळी ऑइलची डिपस्टिक काढून वास घ्या, पंपाच्या सीलमधून पेट्रोल ऑइलमध्ये उतरत असेल तर वास येतो आणि लेव्हल वर चढते. आणि दोन्ही प्रेशर मागणीप्रमाणे आहेत, लॅम्ब्डाही ठीक आहे, तरी ताकद जातेय, तर पेट्रोल सोडा, सुपरचार्जरचा बेल्ट आणि इंटरकूलरचा पाण्याचा पंप बघा, हवा फार तापली की ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) स्वतःच ठिणगीचं टायमिंग मागे घेतो.

आता तुमच्या केसबद्दल. दोन्ही बँक लीन आहेत, म्हणून एखाद्या इंजेक्टरवर माझा संशय नाही, दोन्हीकडे एकाच वेळी कमी पडतंय म्हणजे गडबड सामायिक लाइनीत. आणि मला सगळ्यात जास्त खटकतंय ते हे की फुल टाकीवर बरी होती. क्वाट्रो गाडीची टाकी घोड्याच्या खोगिरासारखी असते, मधून प्रॉपेलर शाफ्ट जातो म्हणून दोन कप्पे. पंप एकाच कप्प्यात, दुसऱ्या कप्प्यातलं पेट्रोल छोटा जेट पंप ओढून इकडे आणतो, त्याला मोटर नसते, मेन पंपाच्याच प्रवाहावर तो चालतो. जेट चोकअप झाला किंवा पंप बसवताना त्याची बारीक नळी नीट क्लिप झाली नाही तर टाकी उतरल्यावर पंपाकडचा कप्पा रिकामा पडतो, दुसऱ्यात पेट्रोल तसंच, आणि काटा दोन्हींची बेरीज दाखवतो म्हणून तुम्हाला वाटतं भरपूर आहे. गेल्या पावसाळ्यात एका गाडीचं मागचं सीट काढून दोन्ही झाकणं उघडली, एकीकडे काठोकाठ पेट्रोल आणि दुसरीकडे पंप तळाला हवा ओढत होता, फेस स्पष्ट दिसत होता. म्हणून टाकी अर्ध्याखाली असताना स्कॅनरवर क्लस्टरच्या (मीटरच्या) रीडिंगमध्ये दोन्ही लेव्हल सेन्सर वेगवेगळे बघा. एक बाजू उतरतच नसेल तर चोर सापडला.

दोन्ही बाजू सारख्या उतरत असतील तर वायरिंग. पंपाला करंट सलग जात नाही, तुकड्यातुकड्यात जातो, साधा मल्टीमीटर तिथे फसवतो. कंट्रोल मॉड्यूलला येणारा सप्लाय आणि अर्थ लोडवर मोजा, आणि कनेक्टर काढून पिन बघा, प्लास्टिक तपकिरी पडलं असेल तर तिथे गरम होतंय, नवीन पंप टाकून काही होणार नाही. बिलावर फिल्टर बदललाय का तेही बघून घ्या.

अजून एक, ई२० पेट्रोल, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं. इथेनॉलला तेवढ्याच हवेसाठी जास्त इंधन लागतं, शुद्ध पेट्रोलला १४.७ पट हवा तर इथेनॉलला ९ पट. त्यामुळे जुन्या गाडीत दोन्ही बँकचे फ्यूएल ट्रिम (ईसीयू पेट्रोलात करतो ती दुरुस्ती) सात-आठ टक्के प्लसला जाणं आता नेहमीचं झालंय, त्याला बिघाड समजू नका. पण पंपावर तेवढा बोजा वाढतो, आणि इथेनॉल टाकीतला जुना गाळ सोडवून फिल्टरकडे आणतं. गाडी महिनोन् महिने उभी राहत असेल तर पाणीही धरतं, आपल्याकडच्या पावसात तर जास्तच.

रेलची लाइन घरी सैल करू नका, त्या प्रेशरचं पेट्रोल कातडीत घुसतं. लॉग काढलात की हिसक्याच्या आधीचे-नंतरचे काही सेकंद आणि टाकी तेव्हा किती होती ते इथे टाका, बघून सांगतो कुठल्या बाजूला जायचं.